पाणी आला

रात्री साडेनऊला घरकुलाच्या ग्रुपवर
इस्तारीमामाचा आवाज आला.
मामाला जाऊन तीन उन्हाळे झाले.

"कामगार बंधू-भगिनींनो," मामा म्हणाला,
"आपल्या नळाला पाणी आलं ते कुणामुळे, विसरू नका.
येत्या बुधवारी चौदा नंबरचं बटण."

आवाज तोच.
मागाच्या खडखडाटावरून बोलायची सवय लागलेला,
म्हणून बंद खोलीतही जरा चढा.
अशोक चौकातल्या संपात, शेवटच्या रांगेत उभं राहून,
हाच आवाज मी कर्ण्याशिवाय ऐकलेला.

पण मामा जन्मात कधी "पाणी आलं" म्हणाला नव्हता.
घरात तेलुगू, कारखान्यात मराठी,
मधल्या उंबऱ्याला त्याचं व्याकरण रोज ठेचकाळायचं:
पाणी आला. लाईट गेला. माझा बायको रागावला.
आम्ही हसायचो. तोही हसायचा,
आणि हसता हसता छातीतला चाळीस वर्षांचा कापूस
खोकल्याबरोबर वर यायचा.

ग्रुपवरचा मामा एकदाही खोकला नाही.

मी जेकार्डचे पुठ्ठे पाडणारा.
चादरीवरचा मोर म्हणजे काय, मला विचारा.
इथं भोक, इथं नाही, इथं भोक.
एवढ्यावर पिसारा उभा राहतो.
तेव्हा यंत्रानं मामा विणला
याचं मला फारसं नवल वाटलं नाही.
फक्त आम्ही मोर विकताना
तो पाऊस आणेल असं कुणाला सांगितलं नव्हतं.
आणि गिऱ्हाईकही पक्कं असायचं,
पैसे काढायच्या आधी चादर उलटून बघायचं:
मागच्या अंगाला लालाचं पांढरं, पांढऱ्याचं लाल,
टाका जागेवर आहे ना.

आवाज कुठल्या काठाला धरून उलटायचा?

मी ग्रुपवर लिहिलं, हा मामा नव्हे.
तीन जणांनी अंगठा दाखवला.
मामाला जोडलेले हात मात्र एकशे बारा.

दोन दिवसांनी टँकर आला.
त्याच्या मागोमाग चौदा नंबर स्वतः, पांढऱ्या बुटात.
कळशीवाल्या बायकांना हसत म्हणाला,
"पाचव्या दिवशी पाणी, पाचव्या वर्षी मत.
हिशेब चोख आहे की!"
मी दोन हातांवर होतो, बादली धरून.
यमुलांच्या पोरानं ते फोनमध्ये धरलं.

रात्री ते गावभर फिरलं,
सकाळी चौदा नंबर म्हणाला,
"यंत्राचं काम आहे. हल्ली काहीही बनवतात."
आणि चहाच्या गाड्यावर माणसं माना डोलवत होती,
खरंय, हल्ली काहीही बनवतात.
त्यांतले चार जण त्या रांगेत माझ्या पुढे होते.
मी त्यांच्याकडे बघितलं.
ते बशीतल्या चहाकडे बघत राहिले.

खोटं मामा बनून आलं तेव्हा नाही
इतका मी त्या सकाळी घाबरलो.
कानांनी ऐकलेलं कान घरी ठेवून येतात,
मग उरतं ते फक्त कोण मोठ्यानं नाही म्हणतो.

भूदेवीमामीकडे गेलो. म्हटलं, तुझ्या फोनमधलं ते पुसून टाकू.
सुपात तेंदूची पानं, बोटांत दोरा,
हजारातल्या सहाशे विड्या झालेल्या.
"एवरु?" तिनं विचारलं, कोण बोलतं ते?
मी सांगितलं, कुणीच नाही.
"ते मला माहीत हाय," ती म्हणाली.
"मेल्यावर बाबा एवढं शुद्ध बोलायला शिकला होय?
मत मी द्यायचं तिथंच देणार.
पण पुसू नको."

आता दुपारी ती फोन सुपाशेजारी ठेवते.
मामा बोलत असतो,
बंधू, भगिनी, नळ, बुधवार.
बुधवार कधीच होऊन गेला.
आणि जिथं त्याचा श्वास अडकायला हवा होता
नेमकी तिथं मामी, वर न बघता,
स्वतः खोकते.